थर्मोस्टॅट काढला आणि घाटात गाडी जास्तच तापली

पार्श्वभूमी

गाडीमालक पिंपरी-चिंचवडच्या एका मशीन शॉपमध्ये काम करणारा, तिशीतला. गाडी ४०० सीसीच्या आतली, एका सिलिंडरची, लिक्विड-कूल्ड (इंजिनाची उष्णता कूलंट नावाचा द्रव पुढच्या रेडिएटरपर्यंत नेतो) ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीची. बीएस-६, वॉरंटी नुकतीच संपलेली. गाडीचं नाव इथे मुद्दाम देत नाही. जे झालं त्यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नव्हता आणि नाव दिलं की चर्चा भलतीकडेच जाते.

आपल्याकडे या वर्गात रेडिएटर ही तशी अलीकडची गोष्ट. हिमालयन ४११ ला ऑइल कूलर होता, रेडिएटर नव्हता. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर भारतात २०२० च्या सुरुवातीला आली. रॉयल एनफिल्डची पहिली लिक्विड-कूल्ड गाडी म्हणजे हिमालयन ४५०, ती २०२३ च्या अखेरीस. त्यामुळे गल्लोगल्लीच्या बाइक फिटरने इंजिन कोळून प्यायलेलं असतं, पण कूलंटचं ज्ञान बहुतेक वेळा जुन्या जीप-टॅक्सीच्या गॅरेजमधून उसनं आलेलं असतं. हे प्रकरण समजायला तेवढं लक्षात ठेवावं लागेल.

मालकाला जूनमध्ये राजस्थानमार्गे लडाखला जायचं होतं. त्यासाठी वर्षभरात गाडीवर बरंच काही चढलं होतं: रुंद क्रॅश गार्ड, त्यावर दोन्ही बाजूंना ४० वॅटचे एलईडी फॉग लाइट, खाली अ‍ॅल्युमिनियमची बॅश प्लेट, रेडिएटरवर स्टीलची बारीक जाळी, मागे पॅनिअर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या. यातली एकही वस्तू मुळात वाईट नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर रेडिएटर उघडा ठेवून जाणं हा मूर्खपणाच, आणि जाळी घ्यायचा विचार योग्यच होता. पण प्रत्येक वस्तू वेगळ्या दुकानातून, वेगळ्या महिन्यात आली. सगळ्या एकत्र आल्यावर रेडिएटरपुढे काय उरलं, हे कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

अडचण

मे महिन्यात निजामपूरकडून ताम्हिणी चढताना, मागे जोडीदार आणि सामान, पुढे डंपर. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाताना पंखा सुरू झाला तो थांबेचना. पुढच्या वळणांवर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेतली तेव्हा कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत होते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळत होते. अर्धा तास थांबून, गार झाल्यावर पुढे निघाले. मुळशीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर सुई पुन्हा जागेवर. वेल्ह्याहून केळदच्या चढावर पुढच्या रविवारी तेच.

निदानाचा निम्मा भाग इथेच मिळतो. गाडी वेगात तापत असेल तर संशय कूलंटच्या प्रवाहावर, पंपावर, आतून चोंदलेल्या रेडिएटरवर. वेगात ठीक आणि रांगताना तापत असेल तर संशय हवेवर: पंखा, जाळी, पुढचे अडथळे. वेगात वारा स्वतःच्या जोरावर आत घुसतो, रांगताना मात्र सगळी भिस्त तळहाताएवढ्या पंख्यावर असते. शिवाय पाण्याचा पंप इंजिनवर चालतो. इंजिनचे फेरे कमी तर कूलंटही हळूच फिरतो.

इथे आणखी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. सिग्नलला पायांवर येणारा गरम झोत म्हणजे गाडी तापली असं नव्हे. पंखा रेडिएटरमधली उष्णता बाहेर टाकतो आणि ती चालवणाऱ्याच्या नडगीवर येते; यंत्रणा चालू असल्याचीच ती खूण. कित्येक जण या झोतावर इलाज करायला निघतात. या मालकाच्या बाबतीत मात्र लाल दिवा खरा होता.

पहिला इलाज आणि तो का फसला

पहिला सल्ला रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मिळाला. "दादा, थर्मोस्टॅट काढून टाकू, झंझटच नको." थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप. तो काढला. कूलंट कमी झाला होता म्हणून दुकानातला हिरवा कूलंट ओतला, तो पुरला नाही म्हणून वर बोअरचं पाणी. मूळचा कूलंट निळा होता.

पहिले चार दिवस मालक खूश. ऑफिसला जाताना सुई वरच येईना. मग लक्षात आलं की ती सकाळी हायवेवरही वर येत नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि पंधरा किलोमीटर गेलं तरी इंजिन थंड असल्यासारखं जड चालतंय. इंजिन थंड आहे असं सेन्सरने सांगितलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो. ते नीट जळत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. लडाखच्या गारठ्यात हे रोज होणार होतं.

गंमत पुढेच आहे. केळदचा चढ पुन्हा चढला, तर गाडी आधीपेक्षा लवकर तापली. मालकाचा मला फोन आला तो तेव्हा: "काका, थर्मोस्टॅटच नाही, मग अडकतंय काय?"

या गाडीतला थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि कूलंटला आखूड वाटेने, म्हणजे बायपासमधून, इंजिनातच फिरवतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत, मागच्या चकतीने, बायपास बंद करतो. अख्खा थर्मोस्टॅटच काढला की दोन्ही वाटा कायम उघड्या. पाण्याला सोपी वाट आवडते. गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच परत इंजिनात येतो. थंड सकाळी गाडी गरज नसताना गार आणि चढावर गरज असताना गरम, हे दोन्ही एकाच चुकीतून होऊ शकतं.

जुन्या जीपमध्ये हा इलाज कधीमधी खपून जायचा, म्हणून तो टिकून आहे. अमेरिकेत कावासाकी केएलआर ६५० चालवणाऱ्यांचा अनुभव याच्या बरोबर उलट दिशेचा आहे. त्या गाडीच्या जुन्या रचनेत बायपासच नव्हता. थंड हवेत हायवेवर थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधला गारेगार कूलंट एकदम सिलिंडरवर यायचा, थर्मोस्टॅट मिटायचा, पुन्हा उघडायचा. तिथल्या हौशी मंडळींनी थर्मोस्टॅट फेकला नाही. बाहेरून बायपास आणि साधारण ९० अंश सेल्सियसला उघडणारा थर्मोस्टॅट जोडणारं 'थर्मो-बॉब' नावाचं किट तिथे लोकप्रिय झालं. इंजिनाला गार ठेवण्यापेक्षा एकसारख्या तापमानाला ठेवणं महत्त्वाचं, ही समज त्या किटमागे आहे.

तपासणी

काढलेला थर्मोस्टॅट गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात अजून होता, हे नशीब. त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता, म्हणजे उघडण्याचं तापमान. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने तो अधांतरी लटकवला, बाजूला स्वयंपाकाचा थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याची उष्णता थेट लागते. ८० च्या पुढे कडेची फट दिसू लागली आणि पाणी उकळेपर्यंत चकती पूर्ण खाली गेली. गार होताना तितक्याच शिस्तीत मिटली. थर्मोस्टॅट ठणठणीत होता. हे पाच मिनिटांचं काम काढण्याआधी झालं असतं तर पुढची निम्मी भानगड टळली असती.

दुसरी गोष्ट, अंदाजाऐवजी आकडा. डॅशवरची सुई फार ढोबळ असते. सहा पिनांच्या सॉकेटला चालणारी केबल आणि ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (ईसीयूमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) घेऊन फोनवर कूलंटचं तापमान नोंदवायला सुरुवात केली. पंखा १०० अंशांच्या आसपास सुरू होत होता, म्हणजे सेन्सर आणि पंख्याची आज्ञा दोन्ही ठीक.

तिसरी गोष्ट, जाळी उतरवली. दोन मिलिमीटरची फट, एक मिलिमीटरची तार. चौकोनी जाळीत उघडा भाग किती, हे काढायला फट भागिले फट अधिक तार, त्याचा वर्ग. दोन तृतीयांशाचा वर्ग म्हणजे ४४ टक्के. निम्म्याहून जास्त दार बंद, तेही जाळी स्वच्छ असताना. ही स्वच्छ नव्हती. तारांच्या कोपऱ्यांत मावळातली तांबडी माती वाळून बसली होती, तिच्यात गवताची कुसळं रोवलेली. जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पात्यांवर आणखी एक थर. जाळी बोल्टने घट्ट बसवलेली, त्यामुळे समोरून पाणी मारलं की माती मागच्या थरात जाऊन बसायची. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने खालच्या कोपऱ्यातली पाती चक्क आडवी झाली होती.

चौथी गोष्ट मालकाच्याच लक्षात आली. गाडीपुढे उकिडवं बसून पाहिलं, तर फॉग लाइट आणि त्यांच्या पट्ट्या रेडिएटरच्या दोन्ही कडांपुढे बरोबर आडव्या येत होत्या. बॅटरीवर मल्टिमीटर लावला. आयडलिंगला पंखा आणि दोन्ही लाइट सुरू असताना १२.६ व्होल्ट, लाइट बंद केल्यावर १३.६. ऐंशी वॅटचा भार म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. आयडलिंगला लहान इंजिनाचा अल्टरनेटर तेवढं सहज देत नाही आणि व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो. म्हणजे लाइट हवा अडवत होते आणि पंख्याची ताकदही खात होते.

पर्याय

मालकाने तोवर इंटरनेटवर बरंच वाचलं होतं, आणि त्याची यादी माझ्यापेक्षा लांब होती.

मोठा रेडिएटर: बाहेरून मागवायचा, ब्रॅकेट बनवायचे, क्रॅश गार्ड कापायचा. निघायला तीन आठवडे उरलेले. शिवाय मोठ्या रेडिएटरपुढेही हीच जाळी लागली असती. बाद.

रेडिएटरला जास्त दाबाचा ढक्कन: मोह पडण्यासारखा, कारण स्वस्त आणि मिनिटाचं काम. दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं, हे खरं. पण इंजिनातली उष्णता त्याने एक अंशही बाहेर जात नाही. फक्त उकळी लपते, आणि ताण नळ्या, रेडिएटरचे सांधे आणि पंपाच्या सीलवर येतो. उंचीचा प्रश्न मालकाने बरोबर काढला होता. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास. ढक्कन बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब जास्त ठेवतो, त्यामुळे बाहेरचा दाब घटला की आतलाही घटतो. १.१ बारच्या ढक्कनाखाली नुसतं पाणी आपल्याकडे १२२ अंशांच्या आसपास उकळेल, खारदुंगला ११४ च्या आसपास. ग्लायकॉल (कूलंटला गोठू न देणारा घटक) मिसळलेला कूलंट दोन्हीकडे याच्या काही अंश वर. तिथे हवा विरळ म्हणून रेडिएटरची ताकद घटते, पण इंजिनही तितकंसं जोर करत नाही. हा हिशेब मांडल्यावर मूळचाच ढक्कन ठेवायचं ठरलं. त्याचं रबर मात्र चिरलेलं निघालं, म्हणून त्याच दाबाचा नवा घेतला.

नुसतं पाणी आणि वर अ‍ॅडिटिव्ह: रेस ट्रॅकवर चालतं. पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि सांडलेलं ग्लायकॉल ट्रॅकवर निसरडं होतं म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी ते चालतही नाही. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला रात्री गाडी उघड्यावर लावायची असेल तर हा विचार मनातही आणू नये. गोठलेलं पाणी फुगतं आणि रेडिएटर फाडतं.

सिलिकॉनच्या नळ्या: दिसायला झकास. मूळच्या रबराच्या नळ्या तीन वर्षांत खराब झाल्या नव्हत्या. सिलिकॉनवर साधा स्क्रूचा क्लॅम्प लावला की तो नळी कापतो, आणि थंडीत सैल पडून पाझरतोही. प्रवासाच्या तोंडावर नवा सांधा नको, या एका कारणाने बाद.

पंख्याला हँडलवर स्विच: यावर आमचा खरा वाद झाला. मालकाला तो हवाच होता, चढ लागण्याआधी पंखा सुरू करता येईल म्हणून. माझं म्हणणं होतं की ईसीयूच्या वायरिंगला समांतर जोड दिला आणि तो चुकला तर मूळची आज्ञाच मरते. शेवटी स्विच लावला नाही. आजही मला वाटतं की रिले आणि डायोड नीट लावून केला असता तर तो उपयोगाचा ठरला असता. त्या तीन आठवड्यांत असं काम हाती देण्याजोगा इलेक्ट्रिशियन मिळाला नाही, एवढंच.

काय केलं

कूलंट काढला. बादलीत आला तो रंग निळाही नव्हता, हिरवाही नव्हता. गढूळ चहासारखा होता आणि तळाला पांढरट गाळ. कूलंटचा रंग म्हणजे निव्वळ कंपनीची आवड, त्यावरून आतली रसायनं ओळखता येत नाहीत. दोन वेगळ्या जातींचे गंजरोधक एकत्र आले की एकमेकांचं काम बिघडवू शकतात. बोअरच्या जड पाण्यातला चुना तर जिथे सर्वांत गरम तिथेच, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर, जाऊन बसतो. डिमिनरलाइज्ड पाणी भरायचं, गाडी गरम करायची, गार होऊ द्यायची, सोडायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग थर्मोस्टॅट नव्या ओ-रिंगसह परत जागेवर आणि तयार ५०:५० कूलंट. तो उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

भरताना हवा काढणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. पुढचं चाक फळीवर चढवून ढक्कन सर्वांत उंच आणला, गाडी डावी-उजवी झुकवली, आयडलिंगवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. नळ्या हाताने दाबल्या की अडकलेला बुडबुडा वर येतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा पाहिली, तर बोटभर खाली गेली होती.

रेडिएटर मागच्या बाजूने, पंख्याकडून पुढे, साध्या पाइपने धुतला. माती पुढून आलेली असते, ती पुढूनच बाहेर पडते. आडवी झालेली पाती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने एकेक करून उभी केली. पूर्ण दुपार गेली.

मग जाळी न लावता केळदचा चढ, तोच जोडीदार, तेच सामान, दुपारची वेळ. कमाल तापमान १०५. जुनी जाळी धुऊन पुन्हा लावून ११२. सहा मिलिमीटर फटीची आणि एक मिलिमीटर तारेची जाळी तळवड्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली, उघडा भाग ७३ टक्के, तिच्यासह १०६. ही जाळी दोन क्विक-रिलीज पिनांवर बसवली, म्हणजे चहाला थांबल्यावर काढून झटकता येते. लाइट फोर्कच्या बाजूला वर नेले, त्यांचे ब्रॅकेट रेडिएटरपासून दूर, आणि रिलेवर घेतले.

निष्पत्ती

राजस्थानात दुपारी गाडी थांबवून, पहाटे आणि संध्याकाळी चालवायची असं ठरवलं होतं, ते पाळलं. पंखा बराच वेळ चालला, लाल दिवा लागला नाही. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या वळणांवर लष्करी ताफ्यामागे रांगतानाही नाही. सकाळी सुई वेळेवर वर येत होती आणि अ‍ॅव्हरेज पूर्ववत झालं.

मोठ्या फटीची किंमतही मोजावी लागली. त्याच रस्त्यावर पांगच्या अलीकडे समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला वाटाण्याएवढा खडा जाळीतून आत गेला आणि पाती चेपून अडकला. नळी फुटली नाही, गळती झाली नाही. पण दोन मिलिमीटरच्या जाळीने तो नक्की अडवला असता. मालक परत आल्यावर चार मिलिमीटरची जाळी करून घ्यायच्या विचारात होता: एक मिलिमीटर तारेने ६४ टक्के. मला ती तडजोड पटते, फक्त दर मुक्कामी काढून धुवायला हवी.

वेगळं काय करता आलं असतं

थर्मोस्टॅट, कूलंट आणि ढक्कन एकाच दिवशी बदलले. कूलंट सोडल्याशिवाय थर्मोस्टॅट बसत नाही हे खरं, पण आधी जुन्याच कूलंटमध्ये थर्मोस्टॅट परत बसवून एक फेरी मारता आली असती. ती न मारल्यामुळे चुन्याच्या थराचा वाटा किती आणि बायपासचा किती, हे आता सांगता येत नाही. जाळीची चाचणी वेगळी केली, म्हणून तिच्याबद्दल ठामपणे बोलता येतं.

अडॅप्टर पहिली वस्तू चढवण्याआधी घ्यायला हवा होता. मूळच्या अवस्थेतली गाडी केळदच्या चढावर किती तापते, याचा आकडा आमच्याकडे नाहीच. १०५ हा आकडाही बॅश प्लेट आणि क्रॅश गार्ड लावलेल्या गाडीचा आहे. बॅश प्लेट काढून पाहिली नाही, कारण ती काढून लडाखला जायचं नव्हतंच. तिच्यामुळे रेडिएटरमागची गरम हवा खालून निघायला किती अडते, हे पावसाळा संपल्यावर त्याच चढावर पाहायचं आहे. पंख्याच्या स्विचचं काम त्याच वेळी होईल, चिंचवडचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन तयार झालाय.